आग बाहेर, पाणी आत

आपल्या घरातल्या कितीतरी गोष्टींचे वय आपल्याला तोंडपाठ असते. बैलाचे दात बघून आपण त्याचे वय सांगतो. विहिरीवरची मोटार कोणत्या साली बसवली आणि आजवर कितीदा जळाली, हे घरातले शेंबडे पोरही सांगते. पण शेगडीला जोडलेल्या गॅसच्या नळीचे वय विचारा, घरातला कर्ता माणूससुद्धा डोके खाजवायला लागतो. नळी ओट्याखाली अंधारात पडलेली असते. चूल पेटते आहे तोवर तिची आठवण कुणाला होत नाही.

आज मला या नळीविषयी बोलायचे आहे. आणि तिच्या जोडीने, आता खेड्यापाड्यांतल्या मोऱ्यांमध्ये येऊन बसलेल्या गॅसच्या गिझरविषयीही. निमित्त आहे आमच्या दिंडीच्या जुन्या ट्रॉलीचे.

आमचे गाव माढा तालुक्यात, कुर्डुवाडीच्या अंगाला. पंढरपूर आम्हाला तीन मुक्कामांवर. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा पंढरीच्या चार वाऱ्या. त्यांतली आमच्या गावाची पायी वारी माघीची. त्या दिवसांत ज्वारीचा हुरडा सरत आलेला असतो, काढणीला अजून अवकाश असतो, आणि शेतकऱ्याला चार दिवस पाय मोकळे करता येतात. चाळीस-पंचेचाळीस माणसे निघतात. त्यांत निम्म्याहून अधिक बायका, आणि बायकांत निम्म्या साठीच्या पुढच्या.

या दिंडीबरोबर जी ट्रॉली जाते, ती माझ्या सासऱ्यांनी १९८६ साली करून घेतली. ऊस वाहायच्या ट्रॉलीचा सांगाडा, त्यावर बाभळीच्या फळ्या आणि वर पत्रा. पुढच्या भागात स्वयंपाकाची जागा. मधे तंबू, सतरंज्या, पातेली आणि टाळ-पखवाज. मागच्या टोकाला पत्र्याचा आडोसा करून म्हाताऱ्या बायकांसाठी एक लहानशी न्हाणी, आणि टपावर पाण्याची टाकी. ट्रॉली चालत असताना तिच्यात माणूस बसवायचा नाही, हा सासऱ्यांचा दंडक आजही आम्ही पाळतो. मुक्कामाला पोचली, की मग मात्र ती आमचे घर. दिंडीच्या स्वयंपाकाचे काम गेली बावीस वर्षे माझ्याकडे आहे, त्यामुळे या घराचा कानाकोपरा मला माहीत आहे.

पहिली अनेक वर्षे पाणी तापायचे ते तांब्याच्या बंबात. बंब कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. खाली जाळी, मधून धुराडे, भोवती पाणी. पुण्याच्या तांबट आळीत तयार होणारे असे बंब एके काळी घरोघर होते. आमचा बंब ट्रॉलीच्या मागे जमिनीवर मांडायचा, त्यात तुराट्या आणि मक्याची बुरकुंडे सारायची, आणि तापलेले पाणी बादलीने आत द्यायचे. धूर डोळ्यांत जायचा, पण तो मोकळ्या माळावरचा धूर होता. पुढे बंब तळाला गळू लागला. दोनदा डाक लावून झाली. मग काही वर्षांपूर्वी मंडळींनी वर्गणी काढली आणि गॅसचा गिझर आणला. बसवून देणाऱ्याने भिंत मोकळी दिसली तिथे तो टांगला. म्हणजे न्हाणीच्या आत. ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्याकडे आग आणि पाणी दोन्ही एका खोलीत आले, आणि तेच वाईट ठरले.

मागच्या वर्षीच्या माघीची गोष्ट. पंढरपुरात नदीपलीकडे दिंड्यांना उतरायला जे मोठे मैदान आहे, त्याला सगळे ‘पासष्ट एकर’ म्हणतात. तिथे आमचा मुक्काम होता. पहाटेची थंडी. बायकांची आंघोळीची रांग लागलेली. वारा आत येऊ नये म्हणून कुणीतरी न्हाणीच्या फटींना पोती लावली होती. चौघीजणी आंघोळ करून बाहेर आल्या. चौथी म्हणाली, “आत लई कोंदटतंय बाई, डोकं जड झालंय.” पाचव्या आमच्या चुलत सासूबाई आत गेल्या. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. वय बहात्तर. पाण्याचा आवाज चालू होता, पण तांब्याचा आवाज येईना. माझ्या जावेने हाक मारली. उत्तर नाही. कडी आतून नुसती अडकवलेली होती म्हणून बरे. दार ओढले, तर आक्का भिंतीला टेकून खाली बसलेल्या, मान छातीवर पडलेली.

त्यांना लुगडे गुंडाळून उघड्यावर आणले. गार वाऱ्यात चार-पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि उलटी केली. “उपाशी पोटी चक्कर आली आसंल,” असे सगळे म्हणू लागले. कुणी साखर-पाणी आणले, कुणी कांदा हुंगवायला धावले. पण आमचा पुतण्या आयटीआय शिकलेला आहे. तो म्हणाला, “काकू, ही उपासाची चक्कर न्हाय. आधी दवाखान्यात चला, आन् गिझर बंद करा.” दवाखान्यात आक्कांना प्राणवायू लावला. संध्याकाळपर्यंत त्या बोलत्या झाल्या, पण डोकेदुखी चार दिवस गेली नाही. डॉक्टर म्हणाले, “आणखी दहा मिनिटं आत राहिल्या असत्या, तर मला काही करता आलं नसतं.”

असे का झाले, हे डॉक्टरांनी आणि पुतण्याने मला समजावले ते तुम्हालाही सांगते. कारण असा गिझर आज कितीतरी घरांत आहे.

गॅस जळायला हवा लागते, हे आपल्याला माहीत आहे. पण किती लागते? एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा साधा गिझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस खातो. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला साधारण दीड-पावणेदोन घनमीटर हवा तो ओढतो. आमच्या ट्रॉलीतली न्हाणी तीन फूट रुंद, चार फूट लांब आणि साडेसहा फूट उंच. तिच्यात मावते सव्वादोन घनमीटर हवा. आता तुम्हीच हिशेब करा. एकीची आंघोळ होईतो ज्योतीने त्या खोलीतली बहुतेक हवा वापरलेली असे. दार उघडले की थोडी नवी हवा आत येई, पण फटींना पोती लावल्यावर तीही कमी झाली.

हवा अपुरी पडली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तातला जो लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. मग छाती वरखाली होत राहते, श्वास चालू असतो, पण मेंदूला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतले त्राण जाते. माणसाला वाटते, थोडे बसावे. आणि बसले की उठायची शक्ती राहत नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, तीही याच वायूने.

पुतण्याने गिझर उघडला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आमचे बोअरचे पाणी जड. गिझरच्या नळीत आतून क्षाराचा थर धरला होता आणि बाहेरून पत्र्यांच्या फटींत काजळी भरली होती. काजळीने जळका वायू वर जायची वाट अडवली, म्हणजे ज्योत आणखी वाईट जळते. ज्योत निळी असेल तर गॅस चांगला जळतो आहे. ती पिवळी, लांब आणि भांड्याला काळे करणारी झाली, की समजावे, हवा कमी पडते आहे.

परत आल्यावर आम्ही ट्रॉली गोठ्यासमोर लावली आणि गॅसचे सगळे सामान मोकळे केले. जे निघाले ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. गॅसची टाकी आतच, ओट्याखाली. तिथून हिरवी रबरी नळी फळीखालून जाऊन शेगडीला, आणि मधे फाटा फोडून दुसरी नळी सामानाच्या खालून थेट मागच्या न्हाणीपर्यंत. पत्र्याला भोक पाडून नळी ओवलेली. ट्रॉली खड्ड्यांतून हिंदकळते तशी ती नळी पत्र्याच्या धारेवर घासत आलेली, तिथे तिचे अर्धे रबर गेलेले. एका जागी उंदराने कुरतडल्याच्या खुणा. टोकाला वाकवली, तर केसासारख्या चिरा उघडल्या. नळीवर छापलेली तारीख पुसून गेली होती, म्हणजे तिचे वय कुणालाच सांगता येईना.

आता या नळीतून गॅस गळला असता तर काय झाले असते? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. धूर वर जातो, गॅस खाली बसतो. पाणी जसे सखल जागी साचते, तसा तो फळ्यांमध्ये, सतरंज्यांखाली साचतो. हवेत शंभरात दोन भाग गॅस मिसळला, तरी एक ठिणगी पुरते. मुळात त्याला वास नसतो. गळती कळावी म्हणून कारखान्यात त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पण उदबत्ती, फोडणी आणि डिझेल यांच्या वासात तो वास कुणाच्या लक्षात येणार?

२६ ऑगस्ट २०२३ रोजी तामिळनाडूत मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या एका पर्यटक डब्याला पहाटे आग लागली. उत्तर प्रदेशातून यात्रेला निघालेल्या लोकांचा तो डबा होता. रेल्वेत मनाई असूनही त्यात गॅसची टाकी नेलेली होती. नऊ माणसे गेली. तीही आपल्यासारखीच देवाला निघालेली, आपल्यासारखीच सकाळच्या चहाची वाट बघणारी माणसे. चाकांवरच्या घरात आग लागली, तर पळायला अंगण नसते.

ट्रॉलीची ही दशा पाहूनही घरात लगेच एकमत झाले नाही. आमचे चुलत सासरे, आक्कांचे मालक, त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते म्हणाले, “थोरल्या दादानं बांधलेली गाडी हाय ही. हिला हात लावू नगा. इतकी वर्सं कुटं काय झालं?” जुन्या माणसांचे म्हणणे उडवून लावू नये. पुतण्याने त्यांना नळीचा तुकडा हातात दिला आणि म्हणाला, “आबा, तुमी मोटंचा नाडा दर वर्साला बदलत हुता ना? तुटल्यावर बदलत हुता का तुटायच्या आदी?” आबा म्हणाले, “तुटल्यावर कसा बदलंल? मोट हिरीत जाती, आन् बैल तोंडावर पडत्यात.” “मग ही नळी म्हंजे गॅसचा नाडाच हाय,” पुतण्या म्हणाला. आबांनी तुकडा उलटासुलटा केला, नखाने रबर खरवडले आणि मुकाट्याने उठून गेले. दुसऱ्या दिवशी पाना घेऊन सगळ्यांच्या आधी तेच ट्रॉलीजवळ हजर होते.

मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, टाकी आणि गिझर, दोन्ही ट्रॉलीच्या बाहेर. दुसरी, ट्रॉलीच्या पोटातून गॅसची नळी न्यायचीच नाही. तिसरी, प्रत्येक नळीवर तारीख.

परदेशात मोटारीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घरांची चाल जुनी आहे. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या घरांत गॅसची टाकी वेगळ्या कप्प्यात ठेवतात, आणि त्या कप्प्याच्या तळाला मुद्दाम भोक ठेवतात. गॅस गळला, तर तो खालून बाहेर पडावा म्हणून. पाणी तापवायचे यंत्र असे बसवतात, की ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि जळका वायूही बाहेरच जातो. आंघोळ करणाऱ्याच्या वाट्याची हवा ज्योतीला मिळतच नाही. पुतण्याने हे सांगितले, तेव्हा मला आमचा जुना बंब आठवला. सासऱ्यांनी तरी दुसरे काय केले होते? आग बाहेर, पाणी आत.

काम असे केले. ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला, जोडकाठीच्या वर, लोखंडी पेटी जोडून घेतली. चारी बाजूंनी जाळी, तळालाही जाळी. तिच्यात स्वयंपाकाची १९ किलोची निळी टाकी पट्ट्याने आवळून उभी राहते. गॅसची टाकी कधी आडवी ठेवू नये. आडवी केली, तर आतला पातळ गॅस थेट नळीत येतो. पेटीपासून शेगडीपर्यंत हातभर तांब्याची नळी, ठरावीक अंतरावर चिमट्यांनी पक्की बसवलेली. ती पत्र्यातून आत शिरते तिथे रबरी कडे, म्हणजे धार लागणार नाही. आतल्या टोकाला वेगळा कॉक. कॉकपासून शेगडीपर्यंतच तेवढी लवचीक नळी, तीही केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली. तिला ‘सुरक्षा’ नळी म्हणतात. तारेमुळे उंदराचे दात आत जात नाहीत. तिच्यावर मुदत छापलेली असते, साधारण पाच वर्षांची. हे सगळे जोडकाम गॅसच्या जाणकार मेकॅनिकनेच केले. पुतण्या शिकलेला असला, तरी जोडणी त्याने स्वतः केली नाही, आणि ते मला फार आवडले.

मागे न्हाणीच्या बाहेरच्या अंगाला नवा गिझर. त्यावर पत्र्याची छोटी पडवी, म्हणजे वाऱ्याने ज्योत विझत नाही, पण वर आणि बाजूला मोकळे. गिझरला त्याची स्वतःची पाच किलोची छोटी टाकी. ही टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळते, त्यामुळे घरातली टाकी प्रवासाला काढावी लागत नाही. ट्रॉली चालू असताना दोन्ही टाक्यांचे रेग्युलेटर काढलेले, टोपणे लावलेली. गिझर खुंटीवरून उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायचा. हादऱ्यांनी त्याचे सांधे ढिले होतात.

एक अडचण राहिली. गिझर पेटायला पाण्याला दाब लागतो, आणि टपावरची टाकी गिझरपासून जेमतेम तीन-चार फूट वर. तेवढ्याने ज्योत पेटेना. यावरचा उपाय आपल्या शेतातच निघाला. पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपात १२ व्होल्टचा छोटा पंप असतो. तसाच एक नवा आणून बॅटरीला जोडला. मिनिटाला तीन-चार लिटर पाणी दाबाने मिळू लागले. इथे एक ताकीद देते. औषध फवारलेला जुना पंप धुऊन-पुसून आंघोळीच्या पाण्याला कधी लावू नका. विष धुतल्याने पुरते जात नाही. आणि अशा पंपाच्या तारा गॅसच्या टाकीपासून लांब ठेवा.

शेवटी परीक्षा. शेगडीचे कान बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करायचा आणि साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला लावायचा. बुडबुडा फुगला, की तिथे गळती. काडी ओढून गळती बघणारे महाभाग अजून आहेत. त्यांना हात जोडून सांगते, तसे करू नका. आमच्या एका सांध्याला बारीक बुडबुडे आले. मेकॅनिकने तो सोडून पुन्हा बसवला. मग रिकामी ट्रॉली वीसेक किलोमीटर खराब रस्त्याने फिरवून आणली आणि पुन्हा फेस लावला. त्या वेळी सगळे सांधे कोरडे निघाले.

खर्च किती आला, असे तुम्ही विचाराल. पेटी, तांब्याची नळी, गिझर, पंप, मजुरी मिळून एका चांगल्या शेळीच्या किमतीत सगळे बसले. दिंडीतल्या चाळीस माणसांत तो वाटला, तेव्हा कुणाला जड गेला नाही. गॅसही फार लागत नाही. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला पन्नास-साठ ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे एका किलोत पंधरा-वीस जणींच्या आंघोळी होतात.

यंदाच्या माघीला पहिला मुक्काम लऊळला पडला. पहाटे न्हाणीसमोर रांग लागली, पण पुढे कुणी होईना. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा आक्काच बादली घेऊन पुढे झाल्या. “आग भाईर हाय न्हवं? मग मला कशाचं भ्या?” असे म्हणून आत गेल्या. आम्ही दाराशी उभ्या होतो. आतून तांब्याचा आवाज येत होता, आणि आक्का मुद्दाम मोठ्याने अभंग म्हणत होत्या, म्हणजे आम्हाला कळावे, की त्या शुद्धीवर आहेत.

आता दिंडीची गोष्ट बाजूला ठेवा आणि आपापल्या घरात चला. नवीन घरे बांधताना आपण मोरी लहान करतो, दार घट्ट बसवतो, आणि सोय म्हणून गॅसचा गिझर आत टांगतो. समजा मोरी चार फूट बाय पाच फूट आणि आठ फूट उंच आहे. तिच्यात साडेचार घनमीटर हवा मावते. दार लावून पाऊण तास गिझर चालवला, तर तो सात-आठ घनमीटर हवा मागतो. घरात नवी सून येते, दिवाळीला लेकी येतात, एकामागून एक सगळ्यांच्या आंघोळी होतात. शेवटी जाणारी बहुधा घरातली बाई असते, सगळ्यांचे आटोपून. सगळ्यांत वाईट हवा तिच्या वाट्याला येते.

म्हणून गिझर आत असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर न्या, आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्या. तो बाहेर जाईपर्यंत असे करा. आधी बादलीत पाणी काढून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडे ठेवा, आणि मगच आंघोळीला जा. मोरीत खाली एक आणि वर एक झरोका ठेवा, आणि थंडीतही त्यांत चिंध्या कोंबू नका. कुणाला चक्कर आली, तर दम कोंडून आत जाऊन आधी त्या माणसाला उघड्यावर आणा, मग गिझर बंद करा, आणि माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या.

नळी ओट्याखालून बाहेर काढून उजेडात बघा. तारीख वाचा. मुदत सरली असेल, किंवा तारीखच वाचता येत नसेल, तर नळी बदला. तिला मधे जोड नको, ती भिंतीतून नेलेली नको, आणि तिच्यावर कापडाचे आवरण नको. आवरणाखालची चीर दिसत नाही.

टाकी घेताना तिच्या कड्याखालच्या पट्टीवर लिहिलेले अक्षर वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा सालाचा. त्या मुदतीपर्यंत टाकीची तपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी परत करा, तो आपला हक्क आहे.

गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडते. देवापुढचा दिवा शांत करा, रेग्युलेटर बंद करून टाकीला टोपण लावा, दारे-खिडक्या उघडा, माणसे बाहेर काढा, आणि बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकाला फोन करा. गॅसच्या गळतीसाठी हा क्रमांक २०१६ पासून देशभर सुरू आहे. मुलांना तो पाठ करायला लावा.

ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे, त्यांनीही नळ्या अशाच तपासाव्यात. मात्र गोबरगॅसची शेगडी टाकीच्या गॅसला किंवा टाकीची शेगडी गोबरगॅसला जोडू नये. दोन्हींच्या तोट्यांची भोके वेगळी असतात.

आपल्याकडे पोळ्याला बैल धुतात, दसऱ्याला अवजारांची पूजा करतात. त्यानिमित्ताने वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू हातात येते, डोळ्यांखालून जाते. आमच्या घरी आता दसऱ्याला पाना, विळा आणि नांगराच्या फाळाबरोबर गॅसची नळीही पाटावर येते. पूजेआधी तिच्यावरची तारीख धाकटा नातू मोठ्याने वाचून दाखवतो. तुमच्या घरात दसऱ्याची वाट बघू नका. आज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, उजेड आहे तोवर, ओट्याखाली वाकून बघा.